पाठीशी वारा, समोर गाव

बीड जिल्ह्यातल्या आमच्या कडा गावच्या कांदा बाजारात मी दोन रिकामी बारदानं मागितली, तेव्हा हमालाने खांद्यावरची गोणी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, यंदा कांदा केलाय का काय?"

"नाही रे, सायकलला शिवायचीत."

"सायकलला? थंडी वाजती का तिला?"

आजूबाजूचे चौघे हसले. पण बारदानं मिळाली, पैसेही घेतले नाहीत. वर सुतळीचा एक गुंडा मिळाला तो वेगळाच. लांबच्या प्रवासाची तयारी गावात लपून करता येत नाही, आणि करूही नये. बेत चारचौघांना कळला की मग माघार घेता येत नाही.

आमचा बेत असा आहे. संक्रांत उरकली की सायकली रेल्वेत घालून विजयवाड्याला जायचं, तिथून मछलीपट्टणला. बंगालच्या उपसागरात चाकं भिजवायची आणि मग सायकलने घरी, कड्याला यायचं. अंतर साधारण साडेआठशे ते नऊशे किलोमीटर. दिवस सत्तावीस-अठ्ठावीस. माणसं दोन: एक मी, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि दुसरा माझा भाचा, जो चढावर माझ्यापुढे जाऊन चहा सांगून ठेवतो. देश आडवा ओलांडायचा म्हटलं तर अरबी समुद्रही हवा. पण अलिबाग, पुणे, नगर, कडा हा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा तुकडा आम्ही पुढच्या हिवाळ्यावर ठेवला आहे. सगळं एकाच दमात उरकायचं असेल तर मग बस काय वाईट?

मछलीपट्टणच का, असं विचारणाऱ्याला मी नकाशा दाखवतो. कड्यात पडलेला पाऊस सीनेला जातो. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा विजयवाड्याच्या प्रकाशम धरणावरून पुढे जाऊन मछलीपट्टणच्या दक्षिणेला समुद्रात उतरते. आमच्या ओढ्याचं पाणी जिथे पोचतं ते ठिकाण मी फळ्यावर खडूने शेकडो वेळा दाखवलं, पाहिलं मात्र एकदाही नाही.

घाईचे आणि बिनघाईचे

आपल्याकडे सायकलीवरून लांब जाण्याची परंपरा जुनी आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे तरुणांच्या सायकलयात्रेसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' म्हणत निघाले. बाबांना पाठीच्या दुखण्याने नीट बसताही येत नव्हतं. ते गाडीत आडवे आणि तरुण मंडळी सायकलींवर. १९८८ साली दुसरी यात्रा ईशान्येकडून गुजरातेतल्या ओख्याकडे गेली.

अलीकडचं सायकलिंग बहुतेक घड्याळाशी बांधलेलं आहे. ब्रेव्हे नावाच्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करावे लागतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका ओलांडणारी शर्यत पुरी केली. तिथे एकट्या स्वाराला साधारण ४८०० किलोमीटर बारा दिवसांत काटायचे असतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने तर कोवळ्या वयात एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या सगळ्यांना माझा दंडवत. पण आमच्या प्रवासाला त्यांच्या वह्यांचा उपयोग नाही.

उपयोग झाला तो दिंडीचा. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरचं अडीचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर अठरा-वीस दिवसांत चालते. पुण्यात दोन मुक्काम करते, मग दिवेघाटाचा मोठा टप्पा चढून सासवडला पुन्हा दोन मुक्काम करते. थकव्याच्या आधी आणि नंतर विश्रांती कशी पेरावी, हे त्या वेळापत्रकात दिसतं. दिंडीच्या भाषेत दिवसाचं मोजमाप किलोमीटरमध्ये होत नाही. सकाळची न्याहारी, दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम ही तिची परिमाणं. पैठणहून निघणारी नाथांची पालखी आमच्या भागातून, पाटोदा आणि खर्ड्यावरून जाते, त्यामुळे हे शब्द आम्हाला शिकावे लागत नाहीत. मी वहीत तीन रकाने आखले, न्याहारी, विसावा, मुक्काम, आणि अंतराचा आकडा कोपऱ्यात बारीक लिहिला.

हे शहाणपण मात्र मला रंगीत तालमीनंतर सुचलं. आधीची वही वेगळी होती.

तालीम

पहिला बेत सरळ होता: कड्याहून पूर्वेकडे निघायचं आणि समुद्र लागला की थांबायचं. रोज ऐंशी किलोमीटर. त्याची परीक्षा म्हणून मार्गशीर्षात आम्ही कडा ते अंबाजोगाई असा फेरा काढला. एका बाजूचं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास.

पहाटे दुधाच्या गाड्यांबरोबर गाव सोडलं. कडा ते आष्टी रस्ता ओळखीचा, तिथून जामखेड. एकूण पंचेचाळीस किलोमीटर. या अर्ध्या दिवसात आम्ही एक जुनी सरहद्द ओलांडली. आष्टी निजामाची, जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातलं, आणि पुढचं पाटोदा पुन्हा निजामाचं. जामखेडजवळच्या खर्ड्यालाच मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम समोरासमोर उभे राहिले होते. आज सरहद्दीची खूण म्हणाल तर तालुका बदलल्याची पाटी, आणि चहाच्या कपाचा थोडा वेगळा आकार.

जामखेडहून सौताड्याकडे चढ लागतो. तिथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळ्यात हा धबधबा गर्जतो, मार्गशीर्षात मात्र कड्यावरून पाण्याची दोरी लोंबत होती. ही विंचरणा सीनेकडे जाणारी, म्हणजे आमच्या कुळातली. पण सौताडा मागे टाकून पाटोद्याच्या माळावर आलो की पाण्याचं कूळ बदलतं. पाटोद्याच्या डोंगरात मांजरा उगवते आणि लातूर, बीदर, संगारेड्डी अशी लांब वाट चालून गोदावरीला मिळते. बालाघाटचा हा माथा म्हणजे कृष्णा आणि गोदावरी यांच्यातला बांध. डोळ्यांना काही दिसत नाही, मांड्यांना कळतं.

माथ्यावर मला माझाच विषय माझ्यावर उलटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर सायकल जड वाटू लागली. रस्ता सपाट, तरी गियर उतरवावे लागत होते. भाच्याने मागचा ब्रेक घासतोय का पाहिलं, चाक फिरवलं, तर ते मोकळं होतं. मग मी मान वर केली. माळावर पवनचक्क्यांची रांग होती आणि सगळ्यांनी आमच्याकडे पाठ फिरवलेली. पवनचक्की आपलं तोंड वाऱ्याकडे वळवून उभी राहते. सगळ्यांची तोंडं पूर्वेला, म्हणजे वारा पूर्वेचा, आणि आम्ही त्याच्या छातीवर चाललेलो. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगत होतो. वहीत पूर्वेकडचा मार्ग आखताना ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यात पंक्चर. पाटोद्याच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. आम्ही ट्यूब काढली, पॅच लावला, हवा भरली. तीन किलोमीटरवर पुन्हा तेच. पुन्हा पॅच. तिसऱ्यांदा मात्र चालत एका पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत गेलो. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली, बुडबुडे मोजले, आणि ट्यूब बाजूला ठेवून टायर हातात घेतलं. ते त्याने आतून बाहेर उलटवत नेलं आणि आतल्या बाजूने बोट फिरवत राहिला. अर्धा फेरा झाल्यावर त्याचं बोट थांबलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. त्याने पकडीने आतून बाभळीच्या काट्याचं टोक ओढलं, गव्हाच्या दाण्याएवढं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"ट्यूब जोडून काय होतंय मास्तर? काटा टायरात राहिला तर दर मैलाला जोडावी लागंल."

दहा रुपयांची ही शिकवणी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. आमच्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ आहे, आणि तिचा काटा ट्यूबपेक्षा टायरात जास्त दिवस राहतो. पॅच लावण्याआधी टायर आतून चाचपायचं. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवला तरी चालतं, काट्याला तो अडकतो.

त्या दिवशी वहीप्रमाणे आम्ही केजला असायला हवे होतो. अंधार पडायच्या आत मांजरसुंब्यालाच जेमतेम पोचलो. जवळच कपिलधार आहे, मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. तिकडे जायची फार इच्छा होती, पण पाय बोलत नव्हते. मांजरसुंब्याची रबडी खाल्ली आणि झोपलो. अंथरुणावर मला हिशेब उमगला. ऐंशी किलोमीटरच्या वहीत रबडीला जागा होती, कपिलधारला नव्हती. मग हा प्रवास कशासाठी?

उसाच्या फडात

नेकनूर सोडून केजकडे जाताना रस्त्यालगतच्या फडात ऊसतोड चालली होती. आम्ही पाणी मागायला थांबलो. एक बाई वाढ्याच्या दोरीने मोळी बांधत होती. तिने कळशी दाखवली आणि सायकलीवरचं बोचकं पाहून विचारलं, "कुठल्या कारखान्याला?"

मी म्हणालो, "कारखान्याला नाही बाई. असंच, फिरायला. समुद्रापर्यंत जायचा विचार आहे."

तिने मोळीवर गुडघा दाबून गाठ आवळली. "आम्ही बी निघतो की दरसाल. भांडी, पिठाचा डबा, कोंबड्या, लेकरं, समदं बांधून. निघायचा दिस आमचा असतो. यायचा मुकादम सांगतो."

बीड जिल्ह्याला लांबच्या प्रवासाचं नवल नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वाट पाहायची. पाच-सहा महिन्यांच्या संसाराचं सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कसं बसवावं, हे त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. त्या बाईसमोर माझं अठरा किलोचं सामान आणि माझा बेत, दोन्ही मला अंमळ जास्तच वाटले.

त्या वाक्याने मला निवांत प्रवासाची व्याख्या मात्र दिली. परतीचा दिवस आपल्या हातात असणं, एवढीच ती व्याख्या. ज्याला ते मिळालं आहे त्याने ते ऐंशी किलोमीटरच्या वहीत घालून का दवडावं?

चौथ्या दिवशी अंबाजोगाईला पोचलो. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत गेलो, हत्तीखान्याची लेणी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत फिरलो आणि वारा पाठीशी आला. जाताना चार दिवस लागलेलं अंतर तीन दिवसांत झालं, तेही कपिलधारला अर्धा दिवस काढून. पाटोद्याच्या माळावर या खेपेला पवनचक्क्यांची तोंडं आमच्याकडे होती. भाचा म्हणाला, "मामा, समदं उलटं करू. रेल्वेने जाऊ, सायकलने येऊ."

उलटा नकाशा

तेव्हापासून वही शेवटाकडून लिहायला घेतली. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी ती इथे थोडी उघडून ठेवतो.

काळ. डिसेंबर ते फेब्रुवारी. आंध्रच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे असतात. मछलीपट्टणच्या दक्षिणेकडचा दिवीसीमेचा भाग नोव्हेंबर १९७७ च्या वादळात उद्ध्वस्त झाला आणि हजारो माणसं गेली. संक्रांतीच्या आठवड्यात अर्धं हैदराबाद गावाकडे निघतं आणि विजयवाडा रस्त्यावर टोलनाक्यांपाशी गाड्यांची रीघ लागते. म्हणून संक्रांत होऊ द्यायची. मार्चपासून वारा पश्चिमेकडून येऊ लागतो आणि ऊनही तापतं, म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत घरी.

रेल्वे. कड्याला गाडी येईल यावर आमच्या वडिलांच्या पिढीचा विश्वास नव्हता. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर ते नवीन आष्टी हा ६६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोचली. आता कड्याहून नगर, नगरहून दौंड, आणि दौंडच्या मार्गाने सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा. सायकल आपल्याच तिकिटावर लगेज म्हणून नोंदवायची, आणि त्यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी कचेरीत हजर व्हायचं. पेडल काढायची, हँडल वळवून दांड्याला समांतर बांधायचं, मागचं गियर पुठ्ठ्याने झाकायचं, वरून बारदान शिवायचं. नाव, फोन, कुठून, कुठे हे कापडाच्या पट्टीवर दोन बाजूंना. गाडी जिथे बराच वेळ थांबते असंच स्टेशन उतरायला निवडायचं आणि उतरल्या उतरल्या सामानडब्यापाशी धावायचं. सायकल पुढच्या स्टेशनला गेली तर ती आपल्याशिवाय निवांत प्रवास करते.

टप्पे. दिवसाला चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर. सामान लादलेली सायकल ताशी बाराच्या गतीने सहज जाते. साडेसहाला निघालं तर न्याहारीसह अकरापर्यंत दिवसाचं काम संपतं. सकाळी वारा निजलेला असतो, तोही फायदा. दर चार दिवसांनी एक पूर्ण दिवस बिनसायकलीचा. एकूण वीस दिवस चालवणं आणि सात-आठ दिवस थांबणं.

मछलीपट्टण ते विजयवाडा हा सपाट, कालव्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखातला दोन दिवसांचा टप्पा. वाटेत पेडना, लाकडी ठशांच्या कलमकारीचं गाव. तिथे अर्धा दिवस राखून ठेवला आहे. मछलीपट्टणला लोक अजून 'बंदर' म्हणतात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं ते मोठं बंदर होतं, इंग्रजांनी १६११ साली तिथे वखार घातली. हैदराबादकडे येणारा रस्ता म्हणजे त्या जुन्या व्यापारी वाटेचाच वारस. आज तो ६५ क्रमांकाचा महामार्ग आहे.

विजयवाडा ते कोदाड दोन दिवस, कोदाड ते सूर्यापेट एक, तिथून हैदराबाद तीन. हा भाग चारपदरी आणि वाहता आहे. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहायचं, गाव आलं की सेवारस्ता धरायचा, मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवायचा, अंधारात चाक हलवायचं नाही. हैदराबादेत रविवारी पहाटेच शिरायचं. तिथे दोन दिवस मुक्काम, आमचा 'पुणे मुक्काम'.

पुढे संगारेड्डी, झहीराबाद, बीदर असे तीन दिवस. इथे मांजरा पुन्हा भेटते. पाटोद्याच्या माळावर उगवलेलं पाणी हैदराबादकरांनी वर्षानुवर्षं प्यालेलं आहे. बीदरला किल्ला, १४७२ च्या सुमाराचा महमूद गवानचा मदरसा, बिदरी काम करणाऱ्यांची गल्ली. नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, आणि यात्रेकरूंची राहण्याची सोयही.

बीदर ते उदगीर दोन दिवस. सीमेवरचा हा पट्टा मला सर्वांत जास्त पाहायचा आहे. तेलुगूतल्या गोल अक्षरांचे मैलाचे दगड, मग तशाच गोल पण कानडी अक्षरांचे, आणि मग उदगीरच्या अलीकडे एका वळणावर अचानक वाचता येणारं अक्षर. गंमत अशी की कोदाडपासून इथपर्यंत आणि इथून आष्टीपर्यंत, जामखेडचा तुकडा सोडला तर, १९४८ पर्यंत सगळी निजामाचीच हद्द होती. म्हणून दख्खनी हिंदी शेवटपर्यंत कामाला येते. तरी दहा-बारा तेलुगू शब्द पाठ केले आहेत. नीळ्ळू म्हणजे पाणी, एंत दूरम म्हणजे किती लांब. हवेला आणि वाऱ्याला एकच शब्द आहे, 'गाली'. पंक्चरवाल्याकडे जाऊन "गाली" मागायची, या कल्पनेने भाचा आठवडाभर हसतोय.

उदगीर ते लातूर दोन दिवस, नळेगावला थांबून. लातूर ते अंबाजोगाई मोठा एक किंवा लहान दोन, अंगातल्या ताकदीप्रमाणे. एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मांजरेच्या काठाने येताना हे लक्षात ठेवून आम्ही नळ बंद करू. पुढचा रस्ता तालमीत झालेला: केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड, आष्टी, कडा.

सायकल. भारी लागत नाही. भाच्याची गियरची, जाड टायरांची. माझीही तशीच, पण जुनी. निघण्याआधी दोन्ही रिंगांचा आउट काढून घेतला, नवी केबल, नवे ब्रेकशू. टायर-ट्यूब अशा मापाची हवी की तालुक्याच्या दुकानात मिळेल, आणि व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा, म्हणजे कुठल्याही पंपावर हवा भरते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर जोडणीची पितळी टोपी खिशात ठेवावी. सोबत दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, अ‍ॅलन चाव्या, चेन जोडायची कडी, चार स्पोक, पंप, पकड.

सामान. अठरा किलोंचं बारा केलं. प्रत्येक वस्तू अंथरुणावर मांडली आणि तालमीत जिला हात लागला नाही ती कपाटात ठेवली. पहिला बाद झाला तंबू, दुसरी माझी वाचायची चार पुस्तकं. एक ठेवलं. राहायला लॉज, भक्तनिवास, धर्मशाळा. आधारची प्रत, थोडी रोकड, मीठ-साखरेच्या पुड्या, दोघांत पाच लिटर पाणी. खर्चाचा आमचा अंदाज माणशी दिवसाला आठशे रुपये. मुक्काम आगाऊ फक्त दोनच ठरवले, मछलीपट्टण आणि हैदराबाद. बाकी रकाने मोकळे.

निवांतपणा आपोआप मिळतो असं मला पूर्वी वाटायचं. घड्याळ काढून ठेवलं की झालं. तालमीने दाखवलं की बेशिस्त बेतात सर्वांत आधी निवांतपणाच मरतो. वारा विचारात घेतला नाही, काटा टायरात राहू दिला, अंतर जास्त धरलं, की उरलेला दिवस धापा टाकण्यात जातो. वारा, पाणी, टायर आणि अंतर यांचा हिशेब आधी चोख केला, तर पेडन्याच्या ठसेवाल्यापाशी बसायला वेळ राहतो.

काल बारदान शिवून पाहिलं. दाभण माझं, सुतळी हमालाची, टाके बायकोचे. तिला माझ्या हातचे टाके पसंत पडले नाहीत. शिवता शिवता तिने तोच प्रश्न विचारला जो गावातले सगळे विचारतात, पण तिला विचारायचा हक्क जास्त. "यायची तारीख कुठली?"

वहीत निघायची तारीख आहे, तिकिटाचा क्रमांक आहे. परतीच्या रकान्यात मी पेन्सिलने लिहिलं आहे: महाशिवरात्रीच्या मागे-पुढे. ते मी तिला वाचून दाखवलं.

"मागे का पुढे?" तिने विचारलं.

"ते ठरवायला मुकादम नाही," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. शेवटचा टाका घातला, सुतळी दातांनी तोडली आणि पट्टीवर माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहायला लावलं. विजयवाड्याला जाणाऱ्या सामानावर तिथे विजयवाडा लिहायला हवं होतं. मी पट्टीच्या एका बाजूला विजयवाडा लिहिलं, दुसऱ्या बाजूला कडा.